पापडाची रजा

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधे थांबले की माझा चहा गार होतो आणि मला राग येतो. फजिती माझीच आहे. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयसुद्धा नाही, इतकी ती माझी आहे!

मी धुळ्याला सरकारी कचेरीत कारकून. घरी हे, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. त्यात खात्याची परीक्षा. ही पास झाल्याशिवाय बढती नाही. दोनदा नापास झाले होते. यंदा मला फाइल कशी बांधायची हे विचारणारी कालची पोरगी पास होऊन माझी साहेब होणार, अशी वेळ आली होती. मग? करावाच लागणार ना अभ्यास!

पण कधी? सांगा ना, कधी? सकाळी डबे, मग कचेरी, आल्यावर स्वयंपाक, मग मुलीचं गणित. ते गणितही आता मला येत नाही, पण शेजारी बसावं लागतं. पुस्तक उघडलं की दुसऱ्या ओळीला माझं डोकं पुस्तकावर. अहो, इतकी दमलेली असायचे की देवापुढे हात जोडून डोळे मिटले तरी झोप लागायची. सासूबाई बाहेर सांगायच्या, सून फार भाविक आहे म्हणून.

अशात मोबाइलवर एक मुलगा भेटला. वेळेचं नियोजन शिकवायचा. म्हणे, एका वेळी दोन कामं करा. हाताला काम आणि कानाला अभ्यास! मागे पांढरी भिंत, कुंडीत एक झाड, घरात ना सासू ना कुकर. त्याला काय जातंय म्हणायला? पण मला पटलं. बुडत्या माणसाला काहीही पटतं.

मग मी रजेचे सगळे नियम माझ्याच आवाजात मोबाइलमधे भरले. किरकोळ रजा, अर्जित रजा, अर्धपगारी रजा, परिवर्तित रजा. कानात इअरफोन, वरून पदर. भांडी घासताना रजा, पोळ्या लाटताना रजा. मजा अशी, की वर्षभरात स्वतःला एक रजा नाही आणि कानात अखंड रजा!

कुणी बोललं तर काय, असं विचारताय ना? त्याची युक्ती होती माझ्याकडे. समोरच्याचे ओठ हलले की हसायचं आणि मान हलवायची. ह्यांच्यावर करून पाहिलं. आठवडाभर त्यांना पत्ताच लागला नाही. उलट म्हणाले, "हल्ली तू समजूतदार झालीस."

आता पापडाकडे येते.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात उडदाचे पापड एकट्यानं कुणी करत नाही. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन सगळ्यांनी जायचं, लाटून द्यायचं. तुम्ही ज्यांच्याकडे लाटाल त्या तुमच्याकडे येणार. घरवालीनं फक्त पीठ मळून ठेवायचं आणि सगळ्यांना जेवायला घालायचं. हिशोब कुणी ठेवत नाही, पण विसरतही कुणी नाही.

माझी परीक्षा रविवारी दुपारी, जळगावला. शनिवारी सुट्टी, आणि त्याच दिवशी समोरच्या अक्कांकडे पापड. अक्का म्हणजे सोनगीरच्या, गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या. त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नाही. मी म्हटलं, ठीक आहे. हात अक्कांना देते, कान परीक्षेला!

गेले. भिंतीला टेकून बसले, पदर घेतला, मोबाइल चालू केला. लाट्या येताहेत, मी लाटतेय. बायकांचे ओठ हलताहेत, मी हसतेय, मान हलवतेय. अक्का दोन-तीनदा माझ्याकडे वळून काही बोलल्या. मी जरा जास्तच हसले. सगळ्या बायका खूष झालेल्या दिसल्या. मला वाटलं, वा! काय छान जमतंय मला! त्या मोबाइलवाल्या मुलाला मनातल्या मनात नमस्कार केला.

रविवारी सकाळी उठून न्हाणीतून बाहेर आले, तर स्वयंपाकघरात सासूबाई परातीत उडदाचं पीठ तिंबताहेत. भलंमोठं पीठ! हिंगाचा आणि पापडखाराचा वास सगळ्या घरात.

"आई, हे काय?"

"पापडनं पीठ. काल सांजले तुले इचारं ना मी, पीठ काढू का? तू मुंडी हालाई."

हलवली असणारच. कारण काल संध्याकाळी मी भाजी चिरत होते. आणि कानात अर्जित रजा होती!

तेवढ्यात दारात बांगड्यांचा आवाज. पाहते तर पुढे अक्का, मागे अख्खी गल्ली. प्रत्येकीच्या काखेत पोळपाट.

"चाल व ज्योती, पीठ तयार शे ना?"

"अक्का... आज माझ्याकडे?"

"आते मंग! काल बठ्ठ्यास्ना समोर इचारं तुले. सकायले तुना घर ठेवूत का? तू मुंडी हालाई. मी परत इचारं, तू परत हालाई. हासी हासी हालाई!"

मागून एक म्हणाली, "आणि शेवभाजीचं पण हो म्हणाली होतीस. म्हणून आम्ही घरी काही केलं नाही."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "मला तर तू गुरुवारीच सांगितलंस, आज स्टँडवर जायला मोटरसायकल लागणार नाही म्हणून. मी देऊन टाकली मित्राला."

गुरुवारी! मी काही सांगितलं नव्हतं. ह्यांनी विचारलं असणार, आणि मी... जाऊ द्या.

आता भिजवलेलं उडदाचं पीठ काही थांबत नाही. त्याच दिवशी लाटलं नाही तर वाया. दारात आलेल्या बायकांना परत पाठवायचं, तर पुढची दहा वर्षं माझ्याकडे कुणी फिरकणार नाही. आणि तिकडे जळगावला माझी खुर्ची मांडून ठेवलेली! मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि चक्क रडायला लागले. खोटं नाही सांगत. पापडाचं रडू नव्हतंच ते. कितीतरी महिन्यांचं साचलेलं होतं.

"काबर रडी राहिनी व?" अक्का घाबरल्या.

मग सगळं सांगितलं. इअरफोन, रजा, मान, सगळं. वाटलं, आता अक्का असं बोलतील की रडायचंही सुचायचं नाही. पण त्या इतक्या हसल्या की लाटणं हातातून पडलं.

"पगली! तोंड नही का तुले? काल सांगती तं तुले पापडले बलावतूच नही. जाय, पेपर दे. पीठ आमी देखी लेसूत."

शेवभाजी सासूबाईंनी अंगावर घेतली. शेजारच्या रिक्षावाल्यानं मला एसटी स्टँडवर सोडलं. पदर खांद्यावर धड नव्हता, हाताला हिंगाचा वास येत होता, पण वेळेवर पोचले हो मी जळगावला!

पहिला पेपर मस्त गेला. तो मी पुस्तकातून वाचला होता, पेंगत पेंगत का होईना.

दुसरा पेपर रजेचा. पहिलाच प्रश्न, परिवर्तित रजा म्हणजे काय? मी डोळे मिटले. आठवायला लागले. आणि आठवलं काय? अक्कांचा गुडघा! कोपऱ्यावरच्या घरात सासू-सुनेचं का बिनसलं ते! कुणाच्या भाचीला भडगावचं स्थळ आलं आणि मुलाची उंची किती कमी पडते ते! अहो, शनिवारी ऐकलं नाही असं मला वाटत होतं, ते सगळं आत जाऊन बसलं होतं. आणि ऐकलं असं वाटत होतं, त्यातलं एक अक्षर नाही! लिहिलं काहीतरी. पेपर तपासणारा माणूस दयाळू असेल या आशेवर पानं भरली.

उन्हाळा सरायच्या आतच निकाल लागला. पहिल्या पेपरात पास, रजेच्या पेपरात नापास. कालची पोरगी माझी साहेब झाली.

घरात पापडांचे डबे मात्र काठोकाठ. आणि माझ्या एकटीच्या पापडाला सगळी गल्ली राबून गेलेली. आता प्रत्येकीकडे मला जायला हवं, आणि पापड काय फक्त शनिवार-रविवारी होतात? रजा काढणं भाग होतं. यादीत पाहिलं, 'परिवर्तित रजा' हे नाव त्यातल्या त्यात बरं वाटलं. जरा बदल हवाच होता जिवाला. अर्ज लिहिला आणि नव्या साहेबांच्या टेबलावर ठेवला.

पोरीनं अर्ज वाचला. परत वाचला. मग हळूच म्हणाली, "ताई, ही रजा आजारपणाची असते. डॉक्टरचा दाखला लागतो. तुम्हाला झालंय काय?"

मी म्हटलं, "पापड."