चरवी विसळलेलं पाणी

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला, आणि मी तो तीनदा वाचला. नगरच्या एमआयडीसीतली एक औषधं बनवणारी कंपनी मे महिन्यात विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चार आठवडे आत घेणार होती. नोकरी नाही, पगार नाही, नुसतं बघायचं. प्रयोगशाळेत काय चालतं, माल कसा तपासतात, कोण कोणाला विचारून सही करतं. अख्ख्या जिल्ह्यातून दहा जागा. मी तिथंच उभ्या उभ्या ठरवून टाकलं की त्यातली एक माझी. उरलेल्या नऊ कोणी का घेईना.

घरी माझं पुढचं सगळं ठरलेलं होतं. बी.एस्सी. झालं की बी.एड., आणि मग पारनेर तालुक्यातल्याच एखाद्या हायस्कुलात बाई. मुलीसाठी जगात तेवढीच एक चांगली नोकरी आहे, असं वडिलांना वाटायचं. मला शिकवायचा भयंकर कंटाळा. माझा आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा. माझ्या हाती लागलेल्या पोरांचं काही खरं नव्हतं. मला प्रयोगशाळेत काम करायचं होतं. तिथं बायकांनाही ठेवतात हे वडिलांना नुसतं सांगून पटणार नव्हतं, तर मी आत जाऊन दाखवणं भाग होतं. "दादा, त्या कंपनीनं मला घेतलं तर बी.एड. नाही, एम.एस्सी.," असं मी त्यांच्याकडून चार माणसांदेखत कबूल करून घेतलं. ते लगेच हो म्हणाले. दहाजणांत आपली पोरगी कुठली बसतेय, अशी त्यांची खात्री होती.

अर्ज साधा होता. मार्कलिस्ट, वर्तणुकीचा दाखला, फोटो, आणि एका फुलस्केप कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहायचं की तुम्हाला आमच्याकडं का यायचंय. मराठीत लिहिलं तरी चालेल, असंही खाली होतं. पण आमच्या होस्टेलवर एकीच्या भावानं पुण्याहून इंग्रजीत एक झकास निबंध पाठवला होता. लहानपणापासून शास्त्राची ओढ, आपल्या एस्टीम्ड ऑर्गनायझेशनमध्ये मला संधी द्या, वगैरे. मजल्यावरच्या सगळ्याजणींनी तो उतरवून घेतला. मीही घेतला, आणि अक्षर माझंच सगळ्यात चांगलं होतं.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडं शिक्क्याशिवाय कागदाला कागद म्हणतच नाहीत. शाळेपासून सवय अशी की कुठलाही अर्ज भरला की आधी साहेबाच्या सहीला पळायचं. साहेब म्हणजे हिरव्या शाईनं सही करायचा अधिकार असलेला सरकारी अधिकारी. तहसीलदार कधी जागेवर नसायचे, म्हणून निम्मा तालुका गुरांच्या डॉक्टरांकडं जायचा. ते गोल शिक्का मारायचे, हिरवी सही करायचे, की तुमची मार्कलिस्ट खरी झाली. कंपनीनं शिक्का मागितलेला नव्हता. पण मी शनिवारी एसटीनं पारनेरला गेले ते सगळा गठ्ठा घेऊन, आणि त्या गठ्ठ्यात निबंधसुद्धा होता. त्याच्यावरही शिक्का हवा, यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

दवाखान्याच्या अंगणात गुरं अडकवायच्या खोड्यात एक गाय उभी होती आणि तिचा मालक डॉक्टरांशी हुज्जत घालत होता. डॉक्टर आमच्या घरी येऊन गेलेले, मला ओळखणारे. हात धुऊन त्यांनी मार्कलिस्टवर शिक्का मारला, दाखल्यावर मारला, आणि तिसरा कागद हातात घेऊन थांबले.

"हे काय गं?"

"निबंध आहे. मला का यायचंय ते."

"मग याच्यावर मी कसला शिक्का मारू? तुला का जायचंय ते मला काय ठाऊक?"

"मारा हो, डॉक्टर. बिनशिक्क्याचं तिथं कोण घेतंय?"

ते हसले, पण मग वाचायला लागले. अख्खा वाचला. मालकाची गाय तशीच खोड्यात.

"एस्टीम्ड म्हणजे काय?"

मला येईना. मी म्हटलं, "मोठी कंपनी असती ना, तसं."

"बरं. आणि तुला लहानपणापासून कसली ओढ होती म्हणे? तुमच्या दारात मी सहा वर्षं येतोय. मला तर तू भांडतानाच दिसलीस." त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. "ह्याच्यावर मी सही करणार नाही. हे खोटं आहे. दुधाचं लिही. ते खरं आहे, ते मी डोळ्यानं पाहिलंय."

कानशिलं तापली माझी. पण ते कशाबद्दल बोलतायत ते मला बरोबर कळलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, बारावीची परीक्षा देऊन मी घरी होते तेव्हा गावच्या दूध डेअरीचे सेक्रेटरी, म्हणजे माझे सख्खे चुलते, डोळ्याच्या ऑपरेशनला गेले. त्यांच्या जागी महिनाभर सकाळ-संध्याकाळ मी बसले. आलेल्या प्रत्येक दुधात लॅक्टोमीटर सोडायचा, डिग्री बघायची, कमी भरली तर दूध परत. मी कुणाचं ऐकत नव्हते. पोलीस पाटलांचं दूध परत केलं. एका सकाळी आई किटली घेऊन रांगेत आली. मी लॅक्टोमीटर सोडला, तो खाली गेला. दुसऱ्यांदा सोडला, पुन्हा खाली. दुधात पाणी होतं. रांगेतल्या बायका माना उंचावून बघत होत्या. मी म्हटलं, "परत न्या." आईला. सगळ्यांदेखत.

आईनं किटली उचलली आणि ती गेली. पुढं चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. म्हशीलाच काहीतरी झालंय, असं तिचं म्हणणं, म्हणून दादांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "माझ्यासमोर काढा दूध." आईनं दूध काढलं, चरवीतलं किटलीत ओतलं, मग तांब्याभर पाणी घेऊन चरवी विसळली आणि ते पाणीही किटलीत ओतलं. चरवीला चिकटलेला थेंबसुद्धा वाया जाऊ नये म्हणून. तिची आई तसंच करायची, आजीही. त्यात म्हैस आटत आलेली, दूध निम्म्यावर आलेलं, आणि विसळायचा तांब्या मात्र तेवढाच. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. आईला मात्र रडू फुटलं. तिनं पाणी घातलं नव्हतं, दूध वाचवलं होतं.

हे सगळं डॉक्टर लिही म्हणत होते. मी दवाखान्याच्या बाकावर बसले, मांडीवर वही ठेवून फुलस्केप कागदावर मराठीत लिहायला घेतलं आणि सुसाट सुटले. डेअरी, लॅक्टोमीटर, पोलीस पाटील, रांग, आई. खरं लिहिताना शब्द शोधावे लागत नाहीत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. लिहिलं की दुधात पाणी निघालं आणि मी स्वतःच्या आईचं दूध परत केलं. लिहिलं की आकडा बघताना मी माणूस बघत नाही. खाली दोन ओळींची जागा उरली होती.

विसळलेल्या पाण्याचं तिथं बसलं असतं. मी नाही लिहिलं. उगाच जागा नव्हती, घाई होती, असं सांगणार नाही. ते लिहिलं असतं तर मी एवढी कडक दिसले नसते. वाटलं असतं की कसली ही हुशारी, एका भोळ्या बाईला चारचौघांत खाली मान घालायला लावली. मग त्या दोन ओळींत मी "आपली विश्वासू" लिहून मोठी सही ठोकली.

तेवढ्यात अंगणात एक अडलेली म्हैस टेम्पोतून आली. डॉक्टर बाह्या वर करत धावले. मी कागद पुढं केला. "वाचत नाही आता," ते म्हणाले, "तू खरंच लिहिलं असशील." शिक्का, हिरवी सही, आणि ते गेलेसुद्धा.

एप्रिलात मुलाखतीचं बोलावणं आलं. टेबलापलीकडं तिघं. मधल्या साहेबांनी माझा निबंध उचलला आणि शेजारच्याला दाखवला. "पशुवैद्यकीय अधिकारी! अहो, बाई, तुमची इच्छा तुम्ही गुरांच्या डॉक्टरकडून तपासून आणलीत होय?" दोघेही खो खो हसायला लागले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "साहेब, माझ्या होस्टेलवरून तुम्हाला आठ निबंध आले असतील, आठही सारखे. त्यातल्या एकावरही त्या डॉक्टरांनी सही केली नसती. माझा पहिला त्यांनी परत केला होता."

हसणं थांबलं. साहेबांनी गठ्ठा चाळला, दोन-तीन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. तिसऱ्या खुर्चीवर प्रयोगशाळेच्या मुख्य बाई होत्या. त्यांनी विचारलं, "आई दुधात पाणी घालायची?"

आता बोल, माझं मन म्हणालं. मी म्हटलं, "पाणी निघालं होतं, मॅडम."

"आज पुन्हा तसं निघालं तर?"

"पुन्हा परत करीन."

बाईंनी साहेबांकडं पाहून मान हलवली, आणि मला तिथंच कळलं की झालं आपलं काम.

पंधरा दिवसांनी पत्र घरी आलं. दादांनी ते दोनदा वाचलं, टोपी काढली, पुन्हा घातली. "मग एम.एस्सी. म्हण की," एवढंच म्हणाले, पण संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक होतं. आई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "काय लिव्हलंतं गं तू, की एवढ्यातून तुलाच निवडलं?"

"डेअरीचं लिहिलं. तुझं दूध परत केलं ते."

तिचा हात थांबला. "चरवी इसळल्यालं पानी हुतं, ते लिव्हलं ना?"

"लिव्हलं की."

"मग बरं झालं," म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली. इतक्या सहज खोटं मी तिच्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते.

पहिल्या दिवशी बाई मला प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. पांढरे कोट घातलेली दहा-बारा माणसं. बाई कौतुकानं म्हणाल्या, "हिला नीट शिकवा. दुधात पाणी घालते म्हणून हिनं स्वतःच्या आईला रांगेतून परत पाठवलं होतं." सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "भले!" एकानं टाळीसुद्धा वाजवली.

मला वाटलं होतं मला अभिमान वाटेल. मला लाज वाटली. ह्या अनोळखी माणसांना माझ्या आईची एवढीच ओळख होती, आणि ती मी करून दिलेली. सरकारी शिक्क्यासह.

"मॅडम," मी म्हटलं, आणि आवाज नको तेवढा मोठा निघाला. "आई पाणी घालत नव्हती." मग सगळं सांगितलं. चरवी, तांब्या, आटत आलेली म्हैस, आणि मी ते का गाळलं तेही. मला वाटलं, आता घरी पाठवतील. दादांना काय तोंड दाखवू, हेच डोक्यात.

"आकडा बरोबर होता तुझा," बाई म्हणाल्या. "पण त्याचं कारण अर्धंच लिहिलंस. इथं अर्धं लिहिलेलं चालत नाही. हेही कागदावर लिहून आण, तुझ्या फाईलला लावते."

रविवारी घरी गेले आणि आईला खरं सांगून टाकलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "दोन सालं झाली, त्या बाया अजून माझ्या किटलीत वाकून बघत्यात. आता तितं बी तसंच." मी तिच्यासमोर बसून कागद लिहिला आणि तिला वाचून दाखवला. तिनं तो दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "ह्याच्यावर शिक्का कुठाय?"

"आई, याला शिक्का लागत नाही."

"त्याला लागला, मग ह्याला का न्हाई?"

सोमवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघी पारनेरला गेलो. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. डॉक्टरांनी कागद ह्या वेळी शेवटपर्यंत वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "हे तेव्हाच लिहायचं ना, गं." मी मान खाली घातली. त्यांनी सही केली, शिक्का पॅडवर टेकवला.

आई टेबलाजवळ सरकली. पदर सावरला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "जरा जोरात मारा. लांबून दिसला पायजे."