चाच्यांचा तास

आमच्या किनाऱ्यावरच्या शाळेत परवा गणिताच्या तासाला समुद्री चाचे आले. नव्या बाईंनी पोरांच्या एकेका डोळ्यावर काळी पट्टी बांधली आणि बेरजा करत खजिना शोधायला लावला. मुख्याध्यापक आम्हा पाहुण्यांना आनंददायी शिक्षण समजावत होते. आनंदाचाही आता अहवाल पाठवावा लागतो.

तिसरीतल्या मीराने पट्टी बांधू दिली नाही. तिचे बाबा मालवाहू बोटीवर खलाशी आहेत. ती बोट चाच्यांनी धरली, त्याला पाच महिने झाले. साऱ्या गावाला हे ठाऊक होतं. बाईंना सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

"बाई, चाचे माणसांना कधी सोडतात?" मीराने विचारलं.

"घंटा झाली की!" बाई म्हणाल्या.

वर्ग हसला. आम्ही पाहुणेही हसलो. मीरा मात्र व्हरांड्यातल्या घंटेकडे बघत राहिली.