झाकणावरची टिकली

आमच्या दुकानाचा वास मला येत नाही. घोडेगावच्या पेठेत आमचं रंगाचं दुकान आहे, वडिलांनी थाटलेलं. ऑईल पेंट, थिनर, टर्पेंटाइन यांच्यातच मी लहानाचा मोठा झालो. बाहेरचा माणूस आत आला आणि त्याने नाक मुरडलं की मला आठवतं, इथे वास आहे म्हणून. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते त्या वासापायी झालं. आणि माझ्यापायी.

तो शाळेत माझ्या वर्गात होता. शिनोलीच्या पुढे त्याची शेती. मुंबईला जाऊन चित्रकला शिकला, तिथेच राहिला, आणि ना माणूस ना झाड, नुसते रंगाचे थर अशा चित्रांनी त्याचं मोठं नाव झालं. मग एका वर्षी बायको आणि दोन मुलींना घेऊन तो गावी परत आला आणि शेतातल्या रिकाम्या गोठ्यात चित्रं काढू लागला. गावाने एसटी स्टँडसमोर त्याच्या फोटोचा फ्लेक्स लावला. चित्रं बघून मात्र लोक म्हणत, "आमचा पेंटर ब्रश पुसतो ते फडकं बी असंच दिसतं की!" मीही त्या हसण्यात सामील होतो, खोटं कशाला बोलू.

पण त्याचा डोळा! आम्ही रंग मिसळून दिला की डब्याच्या झाकणावर त्याच रंगाची टिकली लावतो. म्हणजे डबा न उघडता शेड कळते. वडील ती बोटानेच लावत. हा दुकानात आला की लांबूनच फळीवरच्या टिकल्यांकडे बघायचा आणि म्हणायचा, "काका, त्या तिसऱ्या डब्यात काळा थेंबभर जास्त पडलाय." वडील चिडायचे, डबा उघडायचे, शेड कार्डाशी ताडून बघायचे आणि डब्यात थोडा पांढरा ओतायचे. मोठ्या चित्रांसाठी तो आमचाच ऑईल पेंट न्यायचा, याचा वडिलांना फार अभिमान.

मुंबईहून एक गॅलरीवाला गाडी घेऊन त्याच्याकडे यायचा. त्याला दर वेळी तेच हवं असायचं, गाजलेल्या तपकिरी थरांसारखं काहीतरी. एकदा माझा मित्र दुकानातल्या स्टुलावर बसून म्हणाला, "शेठ, लोकांना माझं चित्र नकोय. माझं मागचं चित्र पाहिजे. मी माझीच नक्कल मारतोय राव, आन् ती बी जमंना झालीय."

त्याच सुमारास त्याची दारू हाताबाहेर गेली. मुंबईत पार्ट्यांमध्ये लागलेली सवय इथे सकाळपासून सुरू झाली. बायको मुलींना घेऊन पिंपळवंडीला माहेरी निघून गेली. त्याने ओझरच्या गणपतीसमोर शपथ घेतली, ती आठवडाभरही टिकली नाही.

तेव्हा वडिलांनी त्याला आमच्या जैन स्थानकात नेलं. त्या वर्षी गावात महासतीजींचा चातुर्मास होता. आमच्यात या दिवसांत साध्वींसमोर हात जोडून नियम घेतात. कुणी रात्रीचं जेवण सोडतं, कुणी कांदा-बटाटा. "जन्मभराचं बोलू नका, झेपेल तेवढंच बोला," महासतीजी त्याला म्हणाल्या. त्याने कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपेपर्यंत दारू सोडली. पिंपळवंडीहून बायकोचा निरोप आला, एवढा नियम पुरा केला तर पौर्णिमेला मुलींना घेऊन परत येईन.

मग आम्ही सगळ्यांनी त्याच्यावर नजर ठेवली. वाईन शॉपच्या बाजूला तो फिरकतसुद्धा नव्हता. दुकानात आला की वडील त्याला जवळ बसवून घेत आणि तो गेल्यावर मला विचारत, "दारूचा काही वास आला का रे?" मला कधीच काही आला नाही. "मलाही नाही. आपल्या दुकानासारखाच येतो," वडील खूश होऊन म्हणत. "म्हणजे दिवसभर कामात असतो." आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दारूचा थेंब आलेला नाही. दारू सोडून माणूस आणखी काय पिऊ शकतो, याची आम्हाला अक्कलच नव्हती.

या दिवसांत तो रंगाबरोबर स्पिरिट न्यायला लागला. "ब्रश धुवायला," म्हणाला. आता ऑईल पेंटचे ब्रश टर्पेंटाइनने धुतात. स्पिरिट नेतात ते पॉलिशवाले सुतार, लाख भिजवायला. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तरी मी बाटल्या काढून दिल्या. वाटलं, कलाकार माणूस आहे, याची काही वेगळी तऱ्हा असेल. शाळेपासून याचं सगळं वेगळंच. एकदा तर त्याने दोन मागितल्या आणि मी तीन दिल्या, हेलपाटा वाचेल म्हणून. ती तिसरी बाटली अजून माझ्या घशात अडकलेली आहे.

दिवाळी झाली. पौर्णिमेला पाचच दिवस राहिले. भर दुपारी तो दुकानाची पायरी चाचपत आत आला आणि म्हणाला, "आज लई धुकं हाय राव." बाहेर डोळे दिपावेत असं ऊन होतं. मी हसलो. त्याने पांढऱ्याचे चार मोठे डबे घरी पोचवायला सांगितले, फळीकडे बघितलंही नाही, आणि निघून गेला. त्या दिवशी टिकल्यांबद्दल काही बोलला नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे घेऊन मी स्वतः गेलो. गोठ्यात भिंतीला टेकवून सात-आठ मोठी चित्रं ठेवली होती. सगळी पांढरी. गॅलरीवाला आधीच आलेला होता आणि आनंदाने येरझाऱ्या घालत होता. "काय शांतता आहे यांत! हे मुंबईत गाजणार," तो मला म्हणाला. माझा मित्र कोपऱ्यात कपाळ दाबून बसला होता.

मी त्याचे ब्रश बघितले. एकूण एक ब्रश रंगासकट वाळून दगड झाला होता. एकही धुतलेला नव्हता. खाटेखाली आमच्या दुकानातल्या स्पिरिटच्या बाटल्या होत्या, सगळ्या रिकाम्या.

तिथे पडलेलं एका डब्याचं झाकण मी उचललं. त्यावर लालभडक टिकली होती. ते त्याच्या डोळ्यांसमोर धरून मी म्हणालो, "सांग, कुठली शेड?"

त्याने बराच वेळ बघितलं. "पांढरी," तो म्हणाला. "पर झ्याक पांढरी हाय."

मी गॅलरीवाल्याच्या अंगावर असा ओरडलो, की त्याने मुकाट्याने आम्हाला न्यायला गाडी काढली. पुण्याला पोचेपर्यंत माझा मित्र मागच्या सीटवर माझा हात धरून एकच सांगत होता, "महासतीजींना सांगा शेठ, नियम मोडला न्हाई मी. दारूचा थेंब घेतला न्हाई." हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, काय पितात हे? मी सांगितलं. कुठून मिळतं यांना? मी तेही सांगितलं. जीव वाचला. स्पिरिटातल्या विषाने गेलेली दृष्टी परत येणार नाही, असं त्यांनी दोन दिवसांनी सांगितलं. पांढरी चित्रं पुढे मुंबईत लागली आणि गाजली, असं ऐकतो.

पौर्णिमेला त्याची बायको आली. शब्दाला पक्की बाई, मुलींना घेऊन सरळ हॉस्पिटलातच आली. बराच वेळ त्याच्या उशाशी बसली, मग बाहेर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"दारू तर सोडली व्हती ना ह्यांनी?" तिने विचारलं. "मग डोळं कशानं गेलं?"

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली आणि तिने दोनदा वास घेतला.

"भाऊ," ती म्हणाली, "ह्यांच्या कपड्यांना जो वास येतोय ना, त्योच तुमच्या अंगाला येतोय."

मी शर्टाची बाही नाकाला लावली. मला कसलाच वास आला नाही.