सोमवारचा पिझ्झा

आमच्या गल्लीत आम्हा तिघींना लग्न होऊन आल्यापासून माहेरच्या गावावरूनच हाक मारतात. एक नेसरीवाली, एक बिद्रीवाली आणि मी पडले इथलीच, म्हणून मी कोल्हापूरवाली. नातवंडं झाली तरी हाका काही बदलल्या नाहीत.

तर बिद्रीवालीच्या धाकट्यानं कागलच्या एमआयडीसीतली पर्मनंट नोकरी सोडली. गोव्यात एका इटालियन माणसाच्या हाताखाली राहून आला आणि राजारामपुरीतल्या एका बोळात पिझ्झाचं छोटंसं हॉटेल काढलं. बापानं बोलणं टाकलं. आईनं तेवढं नाही केलं, पण हॉटेलाच्या दारात पाऊलही ठेवलं नाही. पोरगं रात्री येणार, झाकून ठेवलेलं ताट खाणार, सकाळी जाणार. हिचं म्हणणं एकच, बायकांनी जन्मभर घरात पीठ मळलं ते पुरे झालं, आता पोरानं बाजारात बसून मळायचं? अशाला पोरगी कोण देणार?

नेसरीवालीनं आणि मी ठरवलं, हिला एकदा तिथं नेऊन बसवायचं. सोमवारी गर्दी कमी असते म्हणून सोमवार धरला. बिद्रीवाली एका शब्दात हो म्हणाली. तिथंच मला शंका यायला हवी होती.

हॉटेल म्हणजे काय, चार टेबलं आणि मागं विटांची घुमटासारखी भट्टी. पण स्वच्छ हो, आपल्या देवघरासारखं. मेनूकार्ड उघडलं तर एक नाव धड वाचता येईना. नेसरीवालीनं चष्मा काढून ठेवला आणि सगळ्यात वर लिहिलेलं दोन वेळा द्या म्हणून सांगितलं. मग बिद्रीवालीनं पदर सावरला आणि गार आवाजात सांगितलं, की आज माझा सोमवारचा उपास. तुम्ही खावा, मी बसते.

नेसरीवाली माझ्याकडं बघायला लागली, मी काटा-चमच्याकडं.

पोरगा स्वतःच पिझ्झा घेऊन आला. कोपरापर्यंत पीठ लागलेलं. एक आमच्यापुढं ठेवला, दुसरा आईपुढं. मान खाली घालून म्हणाला, "आई, कांदा-लसूण न्हाय ह्यात. दिवस मावळलाय."

वर हिरवी पानं होती, बेसिल का काय म्हणतात ती. नेसरीवालीला तेवढंच निमित्त. "बघ गं, तुळशीपत्र ठेवून आणलंय. निवदच की हा."

"महादेवाला बेल लागतोय. तुळस न्हाय चालत," बिद्रीवालीनं ताट दोन बोटांनी सरकवलं. "आणि सोमवार आपल्या घरातच सोडायचा असतोय."

आमच्यापुढचा पिझ्झा तेवढा गार होत होता. मी आपली लाज सोडून एक तुकडा उचलला. काट्यानं जमेना, हातानं उचलला. चीजची तार हनुवटीपर्यंत आली. चव चांगली होती, खोटं कशाला सांगू, पण त्या वेळी चांगलं म्हणायचीही चोरी.

पोरगा तसाच उभा. मीच विषय बदलायचा म्हणून त्याला म्हटलं, तू तरी खाल्लंस का रे काही? तो म्हणाला, नाही काकू, माझापण सोमवार आहे.

बिद्रीवालीनं मान वर केली. "कवापास्नं?"

"हॉटेल काढल्यापास्नं."

"मला कसं न्हाय कळलं?"

"रात्री घरी येऊन सोडतोय की. तू झाकून ठेवतीस त्या ताटावर."

ती टेबलावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करत बसली. मला वाटलं आता ही उठणार आणि रिक्षा बघणार. नेसरीवालीनं तर पर्स उचललीसुद्धा.

"आज मी काय करून ठेवलं न्हाय घरात," बिद्रीवाली म्हणाली. पोरगा म्हणाला, असू दे, मी काहीतरी बघतो.

"काय बघतोस? बस हितं."

त्यानं भट्टीकडं बघितलं, दाराकडं बघितलं. दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. हात धुऊन आला आणि आईसमोर बसला. तिनं डोळे मिटून हात जोडले, मग एक तुकडा मोडून त्याच्यापुढं केला आणि एक आपण घेतला. दोघंही खाली बघून खात होती. आम्ही दोघी भिंतीवरचं कुठल्याशा इटालियन गावाचं चित्र बघत बसलो. फार काही बघण्यासारखं नव्हतं त्यात.

तिसऱ्या तुकड्याला बिद्रीवालीनं त्याला विचारलं, हे करायला किती वेळ लागतो. त्यानं सांगितलं, भट्टी तापली असली की लगेच होतो.

"मग आणखी एक कर," ती म्हणाली. "बांधून दे, तुझ्या बाला नेते. आणि त्यात कांदा घाल भरपूर. त्यांचा काय सोमवार न्हाय."