बुरशी लागलेली जीप

आमच्या बैठकीत आमच्या लग्नाचा फोटो टांगलेला आहे. त्यात मी नाक वर करून उभी आहे, जणू शेजारी नवरा नाही, कुणी सामान पोचवून द्यायला आलेला माणूस आहे. आणि शेजारच्या नवऱ्याचा उजवा हात मनगटापर्यंतच आहे. नवीन पाहुणे चहा पिता पिता हळूच विचारतात, "काकांच्या हाताला काय झालं होतं?"

काही झालं नव्हतं. हात एका जीपच्या बोनेटवर टेकलेला होता, आणि ती जीप मला फोटोत नको होती. म्हणून लग्नानंतर महिनाभरातच मी कपडे शिवायच्या कात्रीने फोटोची ती बाजू उडवली. जीप गेली, तिच्यासोबत नवऱ्याचा पंजाही गेला.

एकवीस वर्षांची ती पोट्टी आज मला भेटली, तर मी आधी तिच्या हातातली कात्री काढून घेईन. कारण त्या जीपचा जगात तेवढाच एक फोटो होता, आणि पन्नास वर्षांनी मला नेमकी तीच जीप बनवायची होती.

बनवायची म्हणजे छोटी, चोविसाव्या हिश्शाची. खऱ्या गाडीच्या दोन फुटांचा इथे एक इंच. हा माझा सध्याचा नाद आहे. मुलाने वडिलांना वेळ घालवायला म्हणून मोटारीच्या सुट्या भागांचा एक डबा पाठवला होता. यांनी डबा उघडला, त्यातली बारीक अक्षरं नि चित्रं पाहिली आणि डबा कपाटावर ठेवून दिला. तो मी खाली काढला. चाळीस वर्षं मी सौंसरच्या बायकांचे ब्लाउज शिवले आहेत. माप दोराभर चुकलं तरी बाई दुसऱ्या दिवशी दारात उभी राहते. मोटार तशी परत येऊन भांडत नाही, म्हणून मला हे काम जास्त आवडलं.

आता डब्यातली मोटार जशीच्या तशी जोडायची पायरी मी कधीच ओलांडली. कापते, लांबवते, टप बदलते. चहाच्या फाटक्या गाळणीची जाळी मोटारीच्या तोंडाला लागते. यांच्या साखरेच्या गोळ्यांच्या पाकिटातले प्लास्टिकचे फुगे कापले की हेडलाइटच्या काचा होतात. मागच्या दिव्यांना सुनेची लाल नेलपॉलिश. सून एकदाच म्हणाली, "आई, बाटली ठेवूनच घ्या."

रंग मात्र मी न्हाणीघरात देते. रंगाचा एकच वैरी, हवेत उडणारा तंतू. सहा पदर रंग चढवा, घासा, चकाकी आणा, आणि शेवटच्या पदरावर उशीतला एक कापसाचा तंतू येऊन बसला की सगळं मातीत. म्हणून आधी न्हाणीत गरम पाण्याची बादली ओतायची, वाफेने धूळ खाली बसू द्यायची, मग दार लावून आत रंग मारायचा. बाहेरून यांची हाक येते, "अवं, मले आंघोळ करायची आहे!" आतून मी, "प्रायमर वाळून राहिलं, थांबा थोडं!"

म्हणजे येत असे. गेल्या उन्हाळ्यात ती हाक बंद पडली.

झालं असं की यांनी बाजारात मोटार मागे घेताना ती संत्र्यांच्या ढिगावर चढवली. माणूस कुणी सापडला नाही, संत्री सापडली. दोन दिवस आमच्या घरी फक्त रस होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मान हलवली, मुलगा येऊन किल्ली घेऊन गेला. जन्मभर स्टिअरिंगमागे बसलेला माणूस, त्या दिवसापासून ओसरीतल्या खुर्चीत बसला. पेपर उघडायचा, पान उलटायचं नाही. जेवायला बसा म्हटलं की बसायचं, उठा म्हटलं की उठायचं. भांडण उकरून काढलं तरी "तू म्हणशील तसं." पन्नास वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

एक दिवस मी चहाचा कप देता देता म्हटलं, "मी तुमची जीप बनवून राहिली."

पेपर खाली आला. "कोणती?"

"लग्नातली."

"तुले नाही जमत."

"काहून?"

"तू तिले पाहिलंच कुठं? तू तर नाक वर करून बसकडे चालली होती."

महिन्याभरात इतकं लांब वाक्य ते पहिल्यांदाच बोलले होते. मी तिथेच ठरवलं. हा माणूस 'हो, हीच माझी जीप' असं स्वतःच्या तोंडाने म्हणत नाही, तोवर ही जीप सोडायची नाही.

आता बसचं सांगते. माझं माहेर बोरगावचं. वरात पांढुर्ण्याहून आली. मी मैत्रिणींना आधीच सांगून ठेवलं होतं की नवरदेवाची पांढरी मोटार येणार, चारी बाजूंनी काचावाली. मला हे कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. माझं मलाच वाटलं होतं. आणि आली ती मिलिटरीच्या भंगारातून घेतलेली उघडी जीप, जिच्यात सासरे संत्र्यांच्या पेट्या वाहायचे. तेही चाललं असतं. पण तिच्या अंगभर काहीतरी उगवलेलं होतं. मळकट, पांढरं, केसाळ. उन्हाळ्यात चार दिवस विसरलेल्या भाजीवर येतं तसं. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. पाठवणीच्या वेळी मी आईच्या गळ्यात पडून रडले, ते सगळ्यांना माहेर सुटतं म्हणून वाटलं. खरं म्हणजे मी हुंदक्यांत एकच वाक्य म्हणत होते, "बुरशी लागलेल्या गाडीत मी नाही बसत, आई."

आणि नाही बसले. बायकांच्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. पुढे जीप, तिच्यात डोक्याला मुंडावळ्या बांधलेला नवरा एकटा चालवतोय, शेजारची जागा रिकामी. बोरगाव ते पांढुर्णा, रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस थांबून पाही की याची बायको कुठे सांडली. मी खिडकीतून हे सगळं पाहत होते आणि मला वाटत होतं, आपण बाणा दाखवला.

असो. जीपचं काम सुरू झालं. मी टेबल मुद्दाम ओसरीत, त्यांच्या खुर्चीसमोर मांडलं. पहिल्या दिवशी समोरची काच तिरपी लावली. हे दिवसभर पेपराआड. संध्याकाळी उठले, येऊन काचेवर बोट ठेवलं. "उभी होती." परत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मी स्टेपनी चुकीच्या जागी लावली, ती तर जाणूनबुजून. "मांगं होती ते. आन् गेरचा दांडा डाव्या हाताले." हळूहळू खुर्ची टेबलाकडे सरकायला लागली. पण रंगाचं विचारलं की पेपर वर.

"अहो, रंग कोणता होता सांगा ना."

"तूच सांग."

"मले तर बुरशीच आठवते."

"मंग बुरशी लाव," म्हणाले आणि उठून आत गेले. पुढचे चार दिवस पुन्हा 'तू म्हणशील तसं.' मला समजलं, माझ्या जिभेने पुन्हा तेच केलं जे कधीकाळी कात्रीने केलं होतं.

तेव्हा मला माझ्या थोरल्या नणंदेची आठवण झाली. ती रामाकोन्याला राहते. जीप मोडीत निघाली तेव्हा तिने बोनेट मागून नेलं होतं, कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण घालायला. मी पर्समध्ये पॉलिश पेपर, पातळ पातं आणि नेलपॉलिश काढायची बाटली घेतली आणि सकाळची बस पकडली.

बोनेट होतं. खुराड्यावर पालथं, त्यावर दगड ठेवलेला. नणंद कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. "इतक्या दुरून कोंबड्या पाहाले आली का वं?"

"बाई, मले फक्त रंग पाहायचा आहे."

"कोणता पाहशील? सतरा आहेत."

तिचं बरोबर होतं. आमच्याकडे पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की डब्यात जो रंग उरतो, तो वाया घालवत नाहीत. वखराला, बंडीच्या चाकाला, फाटकाला, जे लोखंड-लाकूड समोर दिसेल त्याला फासतात. जीपही त्याच रांगेत. म्हणजे दरसाल तिचा रंग वेगळा. मी काठाशी एक रुपयाएवढी जागा घासायला घेतली. वरून लाल निघाला, खाली पिवळा, मग हिरवा, पुन्हा लाल. कांदा सोलावा तसं चाललं होतं, आणि कोंबड्या माझ्या बोटांना टोचत होत्या. अगदी खाली, मिलिटरीच्या मातकट रंगाच्या जरा वर, पातं खरखरलं. मी चष्मा वर करून डोळा टेकवला. रंगात तंतू होते. बारीक, पांढरे, रंगातच रुतून वाळलेले. मी दोन वर्षं ज्यांच्या भीतीने न्हाणीत वाफ करते आहे, तेच.

आणि तंतूंच्या खालचा रंग मोरपंखी होता.

"कापूस आहे ना तो," नणंद म्हणाली, जणू हे कोंबड्यांनाही माहीत होतं. "तुह्या नवऱ्यानं लग्नाच्या आदल्या दिवशी रंगवली ते जीप. पोळ्याचा निळा आन् हिरवा उरला होता, ते मिसळून. तूच सांगितलं होतं म्हने, मोरपंखी आवडते. आन् रंगवली कुठं? आंगनात! तिकडं कापसाची जिनिंग सुरू, मधात नुसती भिंत. रात्रभर सगळा कापूस उडून ओल्या रंगावर बसला. सकाळी लय घासला बिचाऱ्यानं, निघते का तो?"

मी खुराड्याच्या कडेला बसले. मला पाहायला आले होते तेव्हा यांनी एकच प्रश्न विचारला होता, आवडता रंग कोणता. मी मोरपंखी म्हटलं, कारण तो शब्द ऐकायला भारी वाटला. माझ्याकडे त्या रंगाची रिबिनसुद्धा नव्हती. आणि त्याहून पुढची गोष्ट म्हणजे लग्नानंतर, सौंसरला येईपर्यंत, मी पांढुर्ण्याच्या त्याच घरात, त्याच भिंतीशेजारी वर्षानुवर्षं राहिले. दर हंगामात वाळत घातलेल्या लुगड्यांवरून, पापडांवरून, मुलांच्या केसांतून कापूस वेचला. भिजल्या वस्तूवर कापूस बसतो हे मला झोपेतही माहीत होतं. पण ती बुरशी कापूस असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. इतकं भरगच्च डोकं होतं माझं.

घरी येऊन जीप मोरपंखी रंगवली. पाणी न ओतता, दार सताड उघडं ठेवून. मग आयुष्यात पहिल्यांदा मी ओल्या रंगावर स्वतःच्या हाताने कापूस टाकला. तेही सोपं नाही. वातीचा कापूस या मापात दोरखंडासारखा दिसतो. शेवटी औषधाच्या बाटलीतला कापूस दाताच्या ब्रशवर घासून त्याची भुकटी फुंकली. चाकाजवळ जास्त, काचेवर कमी. आत ड्रायव्हर बसवला, मुंडावळ्या बांधलेला. आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर एक नवरी बसवली, लाल शालूतली, सुईच्या टोकाएवढं नाक वर केलेली. म्हटलं, पन्नास वर्षं उशिरा का होईना, बसली एकदाची.

जीप त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा काढला, कारण आता त्यांना डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त दिसतं. बोट बोनेटवरून फिरलं आणि थांबलं.

"याच्यावर काही बसलं आहे."

"कापूस आहे."

त्यांनी उजवा तळवा हळूच बोनेटवर टेकवला, तसाच ठेवला. फोटोत नसलेला तोच हात.

"सांगितलं काहून नाही?" मी म्हटलं.

"तू विचारलंच कधी?"

"पन्नास वर्षं?"

"पयले धा वर्षं तर तू बुरशी-बुरशीच करत होती. मंग सांगून का फायदा? म्हटलं, राहू दे, तिले मजा येऊन राहिली." मग जीप कानाजवळ नेऊन हलवली, जणू इंजिन ऐकताहेत. "हीच आहे. बराबर हीच आहे."

मी डोळे पुसायला पदर उचलला, तेवढ्यात त्यांचं बोट आतल्या नवरीला लागलं. "हे कोण?"

"मी."

"खोटं आहे." आणि पाकिटातून गोळी काढावी तशी नखाने नवरी उचकटून काढली. "खरी बनवायची ना? तू बसली नव्हती. तू बसमधी होती."

"मग आता बस कुठून आणू?"

त्यांनी विचार केला आणि तिला सदऱ्याच्या खिशात टाकलं. "हे बस."

तेव्हापासून जीप खुर्चीशेजारच्या स्टुलावर आहे आणि नवरी खिशात. ज्याला त्याला गोष्ट सांगतात, दुधवाल्यालासुद्धा. कापूस कसा बसला, हिने कसं नाक वर केलं, आणि मग पुरावा म्हणून खिशातून मला काढून दाखवतात. मी आतून ओरडते, "कापसाचं सांगा, नाकाचं राहू द्या!" बाहेरून उत्तर येतं, "तू आत वाफ कर!"

परवा सदरा धुवायला टाकताना खिसा तपासायचं राहिलं. नवरी वॉशिंग मशीनमधून पिळून निघाली. शालूचा रंग गेला, एक हात गेला, आणि नाक मुळापासून तुटलं. मी म्हटलं, द्या इकडे, नवीन नाक बसवून देते. त्यांनी तिला बोटांत धरलं, अंगठा तिच्या सपाट तोंडावरून फिरवला आणि पुन्हा खिशात घातलं.

"राहू दे," म्हणाले. "अशी बसन आता जीपमधी."