बंदरावर राहिलेल्या दशम्या

चौदा डिसेंबर, दुपारी दोन वाजता मुंबईच्या बंदरावर आमच्या दशम्या काढून घेतल्या. जहाजावर घरचे अन्न चालत नाही, हे हिंगोलीहून निघताना आम्हाला ठाऊक नव्हते. पत्नीचा आजार हाताबाहेर गेला होता. तिला एकदा समुद्र पाहायचा होता, म्हणून मुलाने ही सफर ठरवली. जहाजावर पदार्थांची रांग होती. तिला घास उतरेना.

"अवो, भाकर न्हाई व्हय यायच्याकडं? मंग कशाचं मोठं जहाज!" ती म्हणाली.

मी स्वयंपाक्याकडे कोमट दूध मागितले. मागितले तर मिळते, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. त्यात पाव कुस्करून तिला भरवला. घरी परतल्यावर ती फार दिवस राहिली नाही. त्या संध्याकाळी मात्र तिने अर्धी वाटी संपवली. ती झोपल्यावर मी वाटी विसळून पालथी घातली.