हिरवं पाणी आणि आईची तुरटी

मासे पोसायचे म्हणजे आधी पाणी पोसावं लागतं, हे मी बदनापूरला एका दिवसाच्या प्रशिक्षणात शिकलो. त्या शिकण्यातून आमचे मासे केवळ नशिबानं वाचले.

कुंभार पिंपळगावला आमच्या शेतात छोटंसं शेततळं आहे. त्यात रोहू-कटला सोडलेले. परतूरच्या दाजींना (म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला) मी आवतण देऊन बसलो होतो, "श्रावण लागायच्या आत या, माझ्या तळ्यातला मासा खाऊ घालतो!"

दाजी हसले. "गजू, तुझ्या तळ्यात बेडूक तरी जगतो का?"

झालं! आता इज्जतीचा सवाल होता.

पहिल्यांदा चुना. तो भिजवून पाण्यावर शिंपडायचा आणि शिंपडताना वारं बघायचं. (वाऱ्याचं सांगत होते तेव्हा मी चहाला बाहेर गेल्तो.) सगळा चुना उलटा माझ्याच तोंडावर आला, डोळे वेळेवर मिटले म्हणून वाचलो. घरी आलो तर आई दारातच म्हणाली, "कोण पाहिजे?"

आठवड्यानं शेणकाला सुरू केला. शेणानं पाणी हिरवं होतं, त्या हिरव्यावर मासे वाढतात. परीक्षा सोपी, कोपरापर्यंत हात बुडवायचा, तळवा दिसेनासा झाला की शेण बंद. मी रोज हात बुडवायचो आणि रोज तळवा लख्ख दिसायचा. अंगठीतला खडासुद्धा! मी आणखी पाट्या ओतायचो. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा निवळ. मला तर वाटलं, आमच्या म्हशींच्या शेणातच दम न्हाई.

एका संध्याकाळी अचानक शेतात गेलो तर आई दोरीला पुरचुंडी बांधून तळ्याभोवती फेऱ्या मारत होती. पुरचुंडीत तुरटी! हंड्यात फिरवतात तशी ती तळ्यात फिरवत होती.

"आई, काय करून राह्यलीस?"

"पाणी निवळून राह्यले. जावई येणार अन् पाणी असलं? कोण मेला रोज शेण टाकून राह्यलाय, सापडू दे एकदा!"

"अगं, मीच टाकतोय!"

"तू? आपण निवळून पितो, मंग माशांनी काय पाप केलंय?"

मी तुरटी जप्त केली आणि बुडालेला खुराक भरून काढायला आठवड्याचं शेण एकदम ओतलं. (हिशोबात मी पहिल्यापासून पक्का!)

मंग आभाळ आलं ते हटेचना. त्यातच दाजी आणि ताई सकाळच्या गाडीनं आले. मी त्यांना तळ्यावर नेलं. पाणी हिरवंगार! हात बुडवला तर मनगटच गायब. मी छाती फुगवली.

"गजू," दाजी म्हणाले, "हे सगळे मासे वर येऊन आ करून का बसलेत?"

माझी छाती जागच्या जागी बसली. प्रशिक्षणवाल्या साहेबांना फोन लावला. ते ओरडले, "शेण जास्त झालं! पाण्यातली हवा संपली! पाणी खळबळवा, मोटार लावा, जल्दी!"

मोटार होती, लाइट नव्हती. मी नुसतं बटण दाबत राह्यलो. आणि दाजी? त्यांनी चपला काढल्या, नवी पॅन्ट मांडीपर्यंत दुमडली आणि काठावरच्या उथळ पाण्यात शिरले. मागून ताई, मी. तिघं वेड्यासारखं पाणी बडवत होतो. आई काठावरून बादल्या उंच धरून धारा सोडत होती. "जावईबापू, जोरात! तो कोपऱ्यातला लई धापतोय!"

तासाभरानं लाइट आली, मोटारीची धार पडली आणि मासे हळूहळू खाली गेले. दाजी काठावर बसून धापा टाकत होते, आता तेच आ करून!

"मंग मासा धरायचा ना?" ताईनं विचारलं.

दाजी भडकले. "धरायचा? तासभर ज्याला जीव दिला त्याला कालवणात घालू? खबरदार कोणी हात लावला तर!"

आखाडाच्या त्या जेवणात जावयानं पिठलं-भाकरी खाल्ली. आई आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाई.

तेव्हापासून दर रविवारी दाजींचा फोन येतो. "मासे कसे हायेत?" परवा मी तापानं फणफणलो होतो. आईनं फोनवर सांगितलं, "गजूला लई ताप आलाय हो."

दाजींचा आवाज एकदम काळजीनं भरून आला. "अरे देवा! तळ्यात तर न्हाई ना उतरला तो? माशांना ताप चढंल!"